सरळ रस्त्याची ताई आणि वळणांचे भावोजी

माझ्या भावोजींना सरळ रस्त्यावर झोप येते आणि माझ्या ताईला वळणावर मळमळतं. अशा दोघांनी एकमेकांशी लग्न करायचं, वर दोघांत मिळून एकच मोटारसायकल घ्यायची, याला काय म्हणावं? आमची आई म्हणायची, "बरं झालं बाई, दोन घरं बिघडण्यापेक्षा एकच बिघडलं."

भावोजी फरशी बसवतात. दिवसभर गुडघ्यांवर बसून दोरी, काटकोनाचा गुण्या आणि लेव्हल. एक फरशी नखभर तिरकी गेली तर उखडून पुन्हा बसवतील, घरमालक नको नको म्हणत असला तरी. ताई शिवणकाम करते. कोट, शाळांचे युनिफॉर्म, आणि लोकांनी स्वतः जाड होऊन 'कापड आटलं' म्हणत आणलेले कपडे. म्हणजे दिवसभर गळे, मुंढे, कॉलर, सगळी गोलाई. माझा आपला एक सिद्धांत आहे की दिवसभर सरळ रेघा मारून कावलेला माणूस सुट्टीच्या दिवशी वळणं शोधतो आणि गोलाई कापून विटलेली बाई सरळ रस्ता शोधते. दोघांनाही हे पटत नाही. भावोजी म्हणतात, "धाकटे, तू दिवसभर दवाखान्यात फोनवर बोलतेस. मग तुझ्या हिशोबाने घरी आल्यावर गप्प बसायला पाहिजेस ना?"

आमच्या वस्तीतून दोन रस्ते निघतात. एक कालव्याच्या कडेने, पट्टीने आखल्यासारखा, थेट नाकासमोर. दुसरा टेकडीवरच्या दगडखाणीकडे चढतो, वळणावर वळण. लग्नानंतर पहिल्याच महिन्यात दोघांचा तह झाला. एक रविवार तिचा, एक त्यांचा. ज्याचा रविवार त्याच्या हातात हँडल, दुसऱ्याने मुकाट मागे बसायचं.

ताईच्या रविवारी मी एकदा मागे बसले होते. पुन्हा बसणार नाही. कालव्याच्या रस्त्याला लागल्याबरोबर ती टाकीवर ओणवी झाली आणि तिने मूठ पिळली ती पिळलीच. झाडं वेगळी वेगळी दिसेनाशी झाली. माझ्या डोळ्यांतून पाणी, कानांत नुसता वारा, आणि ही बया पुढे हसतेय! उतरल्यावर मी तिला वाट्टेल ते बोलले. ती म्हणाली, "अगं, डोकं धुतल्यासारखं होतं. गिऱ्हाइकं, मापं, उसवलेल्या शिवणी, सगळं मागे उडून जातं."

"यात काय कसब आहे?" भावोजी म्हणायचे. "मूठ पिळायची आणि बसायचं. माकडालाही जमेल."

त्यांचं सगळं वळणात. वळणाआधी वेग उतरवायचा, रस्ता जिथून बाहेर पडतो तिकडे नजर लावायची, मग गाडी आडवी घालायची. त्यांच्या मते मधोमध एक जागा येते, तिथे आपण पडतोयही आणि पडतही नाही. ती जागा सांगताना त्यांचे डोळे असे काही चमकायचे की मला ताईचा हेवा वाटायचा. ताईला मात्र त्याचं अजिबात कौतुक नव्हतं. त्यांच्या मागे ती खांबासारखी ताठ बसायची, डोळे मिटून. वळणात मागच्या माणसाला पुढच्याबरोबर झुकावं लागतं, नाहीतर गाडी अडून बसते. भावोजी ओरडायचे, "अगं, वाक की जरा! मागे सिमेंटचं पोतं असतं तरी बरं झालं असतं."

"मी कशाला वाकू? वाकडा रस्ता आहे, मी नाही."

तेवीस वर्षं हेच चाललं. मुलगी मोठी होऊन परगावी नोकरीला गेली, पण सुंभ जळला तरी पीळ काही जाईना.

मग ताई पडली. आणि कुठे पडली? गाडीवरून नाही. बाथरूममध्ये. भावोजींनी स्वतःच्या हाताने बसवलेल्या, आरशासारख्या चकचकीत फरशीवर! गिऱ्हाइकांना हा माणूस हात जोडून सांगतो की बाथरूमला खरखरीत फरशी घ्या. स्वतःच्या घरी मात्र कुणाचं तरी उरलेलं गुळगुळीत सामान बसवलं. ताईनेच हट्ट केला होता, रंग छान आहे म्हणून. पण भावोजींनी तो हट्ट कधी तिच्या नावावर लावला नाही. "मला कळत होतं. मी नाही म्हणायला हवं होतं," एवढंच म्हणत राहिले. तिच्या मांडीचं हाड मोडलं, आत सळई बसवली. हाड जुळलं, पण डावा गुडघा काही केल्या वाकेना. मोटारसायकलवर टांग टाकणं संपलं. गाडी पायाने तोलून धरणंही संपलं.

भावोजींनी गाडीवर ताडपत्री टाकली आणि तेही बसेनासे झाले. मी म्हटलं, तुम्ही तरी जा. ते म्हणाले, "दर रविवार माझाच झाला तर त्यात काय मजा?"

आणि ताई? ताई नीट बोलायला लागली. आमची ताई, जिने मला जन्मात कधी 'गधडे'शिवाय हाक मारली नाही, ती मला विचारू लागली, "चहा घेशील का गं? थकली असशील." मी घाबरले. गिऱ्हाईक कपडे न्यायला महिनाभर उशिरा आलं तरी ही त्याला म्हणायची, "असू दे, होतं असं." खिडकीशी बसून शिवत राहायची. रस्त्यावरून कुणी गाडी जोरात पळवली तर पूर्वी मान वळवून सांगायची, दुसऱ्या गिअरमध्ये किती वेळ ओढतोय मूर्ख. आता मान वर करत नव्हती. मी घरी येऊन रडले, खोटं कशाला सांगू?

एका दुपारी भावोजी आणि त्यांचा वेल्डर दोस्त हातगाडीवरून काहीतरी ढकलत आले. एका चाकाची लोखंडी होडी म्हणा ना. साइडकार. गाडीच्या डाव्या अंगाला जोडायची, आत ताईने बसायचं. पुढचा भाग मुद्दाम लांब ठेवलेला, तिचा न वाकणारा पाय सरळ पसरता यावा म्हणून. फरशी बसवणाऱ्याचं माप ते! पाय तंतोतंत मावत होता.

ताईने ती एकदा पाहिली. "मी काय गॅसचा सिलिंडर आहे?"

"अगं, पण..."

"आयुष्यभर हँडल धरलंय मी. आता मला बोचक्यासारखं डब्यात घालून मिरवणार? सामान म्हणून मी कुठेही येणार नाही."

मला तर आनंदच झाला. किती महिन्यांनी भांडली! त्याच भांडणाला वारा घालत मी आठवडाभर मध्ये पडले. शेवटी ती तयार झाली, पण अट घालून. फक्त कालव्याचा रस्ता, आणि हळू चालवायचं नाही.

मी भावोजींना विचारलं, आधी रिकामी चालवून बघणार नाही का? त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांना दोरी धरायला शिकवतेय. "धाकटे, तू जन्मली नव्हतीस तेव्हापासून गाडी चालवतोय मी." साफ खोटं. पण त्यांच्यापुढे बोलणार कोण?

रविवारी निघाले. मी माझ्या स्कूटरवर मागे. कालव्याच्या रस्त्याला लागण्याआधी एकच वळण आहे, उजवीकडे जाणारं, साधं, लहान मुलांच्या सायकलींचं. त्याच्या डाव्या हाताला रोपवाटिका. भावोजींनी सवयीने नजर उजवीकडे लावली, अंग उजवीकडे झोकलं, आणि गाडी सरळ डावीकडे वळून रोपवाटिकेचं फाटक ढकलून आत गेली. मी कपाळावर हात मारून घेतला.

झालं असं होतं. दोन चाकांची गाडी वेगात असली की उजवीकडे वळताना उजव्या मुठीला पुढे हलका रेटा द्यावा लागतो. म्हणजे हँडल क्षणभर उलटं, डावीकडे जातं आणि गाडी उजवीकडे झुकते. जुन्या चालवणाऱ्यांचे हात हे आपोआप करतात, त्यांना विचाराल तर सांगताही येणार नाही. पण तिसरं चाक लागलं की गाडी झुकूच शकत नाही. मग हँडल जिकडे, गाडी तिकडे! ज्याने जन्मात मोटारसायकल पाहिली नाही, त्याने तीनचाकी सायकलीसारखं हँडल वळवून ती बरोबर नेली असती. भावोजींइतका मुरलेला माणूसच असा घुसू शकतो.

मी धावत आत गेले. भावोजी गाडीवर तसेच, पांढरेफटक. साइडकारच्या नाकावर शेवंतीच्या कुंड्यांचा ढीग आणि ताईच्या डोक्यावर ओली माती. रोपवाटिकेच्या बाई झारी हातात धरून उभ्या. 

मग ताईने तोंडातली माती थुंकली. "अहो, माकडालाही जमेल म्हणत होतात ना?" आणि ती जी हसत सुटली! पोट धरून, हुंदके देत हसली. रोपवाटिकेच्या बाईही हसायला लागल्या, मग कुंड्या आठवल्यावर थांबल्या.

भावोजी हसले नाहीत. खाली उतरून तिच्या डोक्यावरची माती झटकू लागले. "बस झालं. उद्याच ही भंगारात. माझ्या हातून दुसऱ्यांदा..."  ताई हसायची थांबली. इतके महिने तिला वाटत होतं की आपलंच काहीतरी गेलंय. या माणसाचं काय गेलंय ते तिला त्या कुंड्यांमध्ये बसून कळलं. असं ती मला नंतर म्हणाली.

आता उलटं सुरू झालं. ते नको म्हणतात, ही हो म्हणते. "भंगारात टाकायची तर मला आत बसवून टाका," ती म्हणाली. आणि तिच्यापुढे तरी बोलणार कोण? गोदामांमागच्या मोकळ्या पटांगणात दोघं रोज सकाळी जाऊ लागले. भावोजी हँडल वळवायला नव्याने शिकत होते आणि ताई डब्यातून शिकवत होती. "उजवीकडे म्हणजे उजवीकडे! उजवा हात कुठला तुमचा? जेवायचा तो!" मी दवाखान्यात जाताना पाच मिनिटं थांबून फुकटचा तमाशा बघत असे.

उजवं वळण जमलं. डावं काही जमेना. डावीकडे जरा वेगात वळलं की साइडकारचं चाक ताईसकट हवेत उचललं जायचं. भावोजी घाबरून वेग सोडायचे. एका सकाळी चाक असंच उचललं, आणि ताईने ओरडायचं सोडून एकदम स्वतःला बाहेर झोकून दिलं. पाय पुढे अडकवलेला, दोन्ही हातांनी काठ धरलेला, आणि कमरेपासून वरची सगळी ताई डावीकडे, जमिनीच्या अंगाला. चाक धप्पकन खाली आलं. गाडी वळणातून अशी निघाली की भावोजी थांबून तिच्याकडे बघतच राहिले.

"काय केलंस तू?"

"वाकले," ताई म्हणाली. तिचा श्वास फुलला होता आणि चेहरा लाल झाला होता. "परत घ्या. आणि या वेळी मूठ सोडू नका."

त्या दिवसापासून ती सामान राहिली नाही. डाव्या वळणाला तिने बाहेर झुकायचं, उजव्या वळणाला गाडीकडे, भावोजींच्या पाठीमागे. ती झुकली तर वळण, नाहीतर हवेत. आता दोघं खाणीच्या रस्त्याने जातात तेव्हा हीच ओरडते, "अजून! अजून!" मळमळ कुठे गेली म्हणून विचारलं तर म्हणते, "नुसतं बसलं की मळमळतं गं. काम असलं की नाही." परतताना कालव्याचा रस्ता. तिथे तिला काही काम नसतं, ती डोळे मिटून वारा खाते. भावोजींना मात्र तिथेही झोप येत नाही, कारण सरळ रस्त्यावर ही गाडी सारखी डावीकडे ओढते आणि तिला आवरत राहावं लागतं. मला ताई पुन्हा 'गधडे' म्हणते, देवाची कृपा.

परवा मीच हट्ट केला. ताईकडे कोटाचं माप द्यायला माणसं आली होती, म्हटलं, भावोजी, आज मला फिरवा. बसले आत. खाणीच्या रस्त्याला लागलो. पहिलं डावं वळण आलं आणि भावोजींनी वेग इतका उतरवला की शेजारून एक सायकलवाला घंटी वाजवत पुढे गेला.

"काय हो भावोजी, गाडी चालवताय की ढकलताय? मी पण वाकते की! सांगा, कधी वाकू?"

त्यांनी आधी वळण संपवलं. मग म्हणाले, "तू वाकलीस का, हे मला वळून बघावं लागेल. आणि बघायला गेलं की रस्त्यावरची नजर सुटते."

"मग ताईच्या वेळी काय करता?"

"तिच्याकडे मी बघतच नाही," भावोजी म्हणाले, आणि पुढच्या वळणाआधी त्यांनी पुन्हा वेग उतरवला.