कंडक्टरसमोरची खुर्ची

इंग्लंडमधल्या एका बड्या कंडक्टरला मी बोटावर नाचवलंय! म्हणजे, बोट माझं होतं आणि ते माझ्याच ओठांवर होतं. नाचला तोही नाही. पण ऑर्केस्ट्राच्या खुर्च्या मांडायच्या कामात असे किस्से साचत जातात, इथल्या पाण्याने केटलीत चुना साचतो तसे.

रीडिंगजवळच्या जुन्या चर्चमध्ये आमचं रेकॉर्डिंग चालतं. गेल्या शतकातल्या इंग्लिश सिंफनी. माझी नात मुक्ता सगळ्यांच्या मागे उभी राहून गाँग, म्हणजे टांगलेली मोठी थाळी, वाजवते. नोकरी पक्की नाही, ट्रायलवर आहे. तिने मला बजावलं, "आजोबा, माझी ट्रायल चाललीय. तुम्ही फक्त खुर्च्या मांडा. मस्करी नाही, प्लीज!"

मी मान डोलावली. मान डोलवायला काय जातं!

*

पाइप टकटक वाजतात म्हणून भर जानेवारीत हीटिंग बंद. सगळे कोट-मफलर घालून वाजवतायत. मी कंडक्टर ह्यूसाहेबांना विचारलं, "हे संगीत कशाबद्दल आहे?"

"इंग्लिश उन्हाळ्यातली सकाळ."

"तरीच म्हटलं, व्हायोलिनं एवढी कुडकुडतायत का!"

ते हसले नाहीत. व्हायोलिनवाले हसले.

*

एकदा अगदी हळुवार जागी घुर्रर्र झालं. पलीकडच्या खोलीत ऐकत बसलेल्या प्रोड्यूसरबाई स्पीकरमधून म्हणाल्या, "डबल बास, सुंदर! पण तिथे तुम्हाला वाजवायचं नाहीये."

पोट ह्यूसाहेबांचं होतं. पण सांगणार कोण? बासवाल्यांनी मुकाट्याने सॉरी म्हटलं! मी साहेबांना शंकरपाळे दिले. तेव्हापासून ब्रेक झाला की त्यांची नजर माझ्या डब्यावर.

*

रेकॉर्डिंगला पावलांचा आवाजही चालत नाही. त्यामुळे सगळे बूट दाराशी काढतात, अगदी देवळात काढतात तसे. एवढे बूट एका जागी बघून हात शिवशिवणारच की! शेवटच्या दिवशी मी दोनच बूट इकडचे तिकडे केले. दोनच हं.

*

त्याच दिवशी शेवटचं पान राहिलं होतं. मुक्ताचा एकच हलका ठोका आणि मग शांतता. पण दर टेकला प्रोड्यूसरबाई ओरडायच्या, "कुणीतरी गुणगुणतंय!"

ह्यूसाहेबांनी थेट माझ्याकडे पाहिलं. "बाहेर!"

मी नुसत्या मोज्यांवर गार पायरीवर. आत पुन्हा टेक, पुन्हा स्पीकर, "अजून गुणगुणतंय!"

कोण ते सगळ्यांना ठाऊक होतं. पण साहेबांना सांगणार कोण? आणि मग आतून माझ्या नातीचा आवाज आला, "सर, आजोबा बाहेर आहेत. गुणगुणताय तुम्ही."

गेली नोकरी! मी दाराला कान लावला.

दार उघडलं. ह्यूसाहेब स्वतः! "आत या. माझ्यासमोर बसा. मी गुणगुणलो की गप्प करा."

बसलो. त्यांचे ओठ हलले रे हलले, की माझं बोट ओठांवर! मुक्ताने ठोका दिला. तो विरेपर्यंत मी श्वाससुद्धा घेतला नाही.

"परफेक्ट!" स्पीकर म्हणाला.

दाराशी साहेब बूट चढवत होते. मी हळूच विचारलं, "साहेब, मुक्ताच्या ट्रायलचं काय?"

त्यांनी खाली पाहिलं. एका पायात त्यांचा काळा बूट, दुसऱ्यात बासूनवाल्याचा तपकिरी.

"तिची संपली, ती आता आमची," ते म्हणाले. "तुमची सोमवारपासून सुरू, माझ्यासमोरच्या खुर्चीत!"