गुळाच्या पारड्यात वाढलेला धोका

"ह्यांना स्ट्रोक झालाय," डॉक्टर माझ्या बायकोला, नीलाला म्हणाले. बीदरच्या दवाखान्यात मी खाटेवर पडून सगळं ऐकत होतो. उजवा हात माझा राहिला नव्हता आणि तोंडातून नुसतं घुं-घुं निघत होतं.

स्ट्रोक म्हणजे आपल्याकडे ज्याला लकवा म्हणतात तो. मेंदूकडे जाणारी रक्ताची नळी तुंबते किंवा फुटते आणि मेंदूचा तेवढा भाग रक्ताविना मरायला लागतो. तेव्हा बीदरात डोक्याचं स्कॅन होत नव्हतं. डॉक्टरांनी डोळ्यांत बॅटरी मारली, तळपायावर चावी ओढली, दंडाला पट्टा बांधून ब्लडप्रेशर, म्हणजे रक्ताचा दाब मोजला. आकडा त्यांनी सांगितला नाही. पट्टा सोडून पुन्हा बांधला आणि पुन्हा मोजला.

"अलीकडे वजन वाढलं होतं का?" त्यांनी विचारलं.

"वाढलं न्हाई तर काय! दरसाल गूळ जास्तच लागायलाय," नीला म्हणाली. त्या घडीलाही तिच्या आवाजात थोडा तोरा होता.

मग तिने सगळं सांगितलं. मी लहानपणी टायफॉइडने खंगलो होतो, तेव्हा अक्काने, माझ्या थोरल्या बहिणीने, औरादजवळच्या मठात नवस केला होता. दर जत्रेत मला तराजूत बसवायचं आणि माझ्या भाराइतका गूळ वाटायचा. आई लवकर गेली, मला अक्कानेच वाढवलं. माझं कापडाचं दुकान चालायला लागलं, गादीवर बसून अंग सुटलं, तसतशा दुसऱ्या पारड्यात गुळाच्या ढेपी वाढत गेल्या. पारडं हललं नाही की लोक "हर हर महादेव" म्हणायचे आणि अक्का आणखी एक ढेप मागवायची. मीही मिशीला पीळ देत बसायचो. कुणाची दृष्ट लागू नये म्हणून मीठमोहऱ्या ओवाळल्या, प्रेशर मात्र कुणी मोजलं नाही.

डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. "म्हणजे तुम्ही धोका दरवर्षी मोजत होतात, आणि वाजतगाजत वाटत होतात! बाई, वजन चढलं की प्रेशर चढतं, साखर चढते, रक्ताच्या नळ्या कडक होतात. पोट सुटतं ते तर फार वाईट."

इशारे मिळाले नव्हते असं नाही. सकाळी मान जड व्हायची, दुकानाच्या पायऱ्या चढताना धाप लागायची. आठवड्यापूर्वी सदऱ्याची गुंडी लावताना बोटं बधिर झाली आणि थोड्या वेळाने आपोआप सुधारली. हात अवघडला असेल म्हणून मी सोडून दिलं. तुमच्या घरी असं झालं तर सोडून देऊ नका. बरं वाटलं तरी त्याच घडीला दवाखाना गाठा.

पहिले काही दिवस दुसऱ्या झटक्याची भीती होती. नर्स पट्टा बांधायला आली की नीला श्वास रोखून उभी राहायची. मला गिळता येत नव्हतं. अन्न श्वासनळीत गेलं तर जीव जाईल, म्हणून नाकातल्या नळीतून जाईल तेवढंच, तोंडाने काही द्यायचं नाही, असा सक्त हुकूम होता. गाल बसले, सदरा अंगावर लोंबायला लागला.

अशात चिंताकी गावाहून अक्का आली ती डबा घेऊनच. माझं तोंड पाहून तिने नीलालाच धारेवर धरलं. "कामून उपाशी मारायलाव माझ्या भावाला? हाडं दिसायलीत की!"

नीला औषधं आणायला खाली गेली. अक्काने डबा उघडला. आत गव्हाची हुग्गी, म्हणजे गुळातली खीर होती, वर तूप तरंगत होतं. "शिवू, घे रं, एकच घास," म्हणत तिने चमचा ओठांना लावला.

मला ओरडायचं होतं. घशातून घुरघुर निघाली, ती तिला भूक वाटली. मी दात आवळले. तिने चमचा दातांवर रेटला, तूप जिभेवर उतरलं आणि खोकल्याने माझा जीव गुदमरला. होता नव्हता तो जोर लावून मी डाव्या हाताने डबा उडवला. हुग्गी तिच्या लुगड्यावर सांडली.

"माझा हात लोटलास रे," म्हणत ती तिथेच बसून रडायला लागली. माझ्याही डोळ्यांतून पाणी गळत होतं. तिला समजावायला माझ्याकडे एक शब्द नव्हता.

माझा खोकला थांबेना, तो ऐकून डॉक्टर धावत आले, मला कुशीवर वळवलं, घसा साफ केला. मी काळानिळा पडलेला तिने डोळ्यांनी पाहिला. त्यानंतर अक्का वॉर्डच्या दाराशीच ठाण मांडून बसली. कुणी पाव्हणा डबा घेऊन आला की म्हणायची, "डाक्टर सांगेपर्यंत पाणीबी न्हाई. जावा माघारी!"

गिळणं सुधारलं, मग बोलणं. हाताला अजून पूर्ण ताकद नाही. घरी सोडताना डॉक्टर म्हणाले, "वजन सावकाश चढलं, तसंच सावकाश उतरवा. उपास करून नको. आणि आपोआप भराभर घटायला लागलं, तरी येऊन दाखवा." मी गोळ्या चुकवत नाही, रोज चालतो, भाकरी मोजकी खातो.

पुढे भाचीच्या लग्नात पंगतीला बसलो होतो. एक जुना सोयरा हळहळला, "शिवाप्पा, लई वाळलाव. काय दुखणं लागलंय?"

अक्का वाढत होती. ती तिथेच थांबली. "दुखणं तवा व्हतं," ती म्हणाली, "जवा आपून समदे ह्याला बाळसेदार म्हणायलोत. आता बरा हाय माझा भाऊ."

माझ्या पानात तिने अर्धीच पुरणपोळी वाढली आणि पुढच्या पानाकडे वळली. तिच्या हातून इतकं पोटभर मी कधी जेवलो नव्हतो.