मामाची जागा

नव्वदीच्या सुरुवातीला आमच्या पिंपळीत फोन दोनच होते, पण बातमीला कुठं फोन लागतो? बारामतीच्या एसटी स्टँडवर मला भरदुपारी झोकांड्या खात चाललेलं इंदापूरकडच्या एका माणसानं पाहिलं, आणि संध्याकाळच्या आत माझ्या होणाऱ्या सासुरवाडीत कळलं, की नवरदेव दारू पितो आणि तीही दिवसाढवळ्या.

मी उभ्या जन्मात दारूला शिवलो नव्हतो. सुपारी फुटली आणि थोड्याच दिवसांत उसाच्या ट्रॉलीवरून डोक्यावर आपटलो. मेंदूच्या मागच्या भागाला मार बसला आणि तोल गेला. हातात बळ होतं, पायांत बळ होतं, फक्त जमीन जागेवर नव्हती. सरळ जायचं ठरवलं की डावीकडच्या गटाराची चौकशी करून यायचो. पुण्याचे डॉक्टर म्हणाले, चालत राहा, चालूनच येईल. म्हणून मी चालत होतो आणि लोक हसत होते. हसेनात का! पण हे लग्न मोडलं तर आपण पुन्हा उंबऱ्याबाहेर पाय टाकणार नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. मुलगी मला फार आवडली होती.

चौकशीला मुलीचे मामा आले. धिप्पाड गडी, मिशीतून बोलणारे. आमच्यात पाहुणे उराउरी भेटतात. मामांनी मला असं कवटाळलं की बरगड्या वाजल्या, आणि मिठी काही सुटेना. मग गालाजवळ दोन लांब श्वास ऐकू आले. मामा माझं तोंड हुंगत होते!

दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो असा. डोक्याला ताकद यावी म्हणून आई मला वैद्याकडचं अरिष्ट द्यायची, आणि नुकतीच दोन झाकणं पाजून तिनं मला पाहुण्यांपुढं ढकललं होतं. अरिष्ट आंबवलेलं असतं. त्याचा वास थेट गुत्त्याचा.

मामा मागं सरकले. "वास तर येतोय की."

आई आतून बाटली घेऊन आली आणि तिनं भरलेलं झाकण मामांपुढं धरलं. "घ्या. आन् मग तुमचं बी त्वांड हुंगू."

मामांनी घेतलं, तोंड वाकडं केलं, स्वतःच्याच तळहातावर फुंकून वास घेतला. मग मला म्हणाले, "पाव्हणं, जरा त्या गोठ्यापतुर जाऊन या बरं."

गेलो. निम्म्या वाटेत भेलकांडलो, गव्हाणीला धरून सावरलो, कसाबसा परत आलो. मान खाली घालून उभा राहिलो. आता संपलंच, असं वाटलं.

"पिलेला मानूस पायाकडं बघत न्हाय," मामा आईला म्हणाले. "त्याला वाटतं, रस्ता आपल्या बाचा हाय. ह्यो पोरगा पावलापावलाला खाली बघतोय. ह्येला पडायचं भ्याव हाय. तारीख धरा."

आईनं पदर तोंडाला लावला. मला हसू आणि रडू एकदमच आलं. त्या दिवशी मी कितीतरी दिवसांनी पोटभर जेवलो.

लग्नापर्यंत चालणं थोडं सुधारलं, पण मांडवात नवंच संकट उभं राहिलं. मला चालण्यापेक्षा थांबणं अवघड जायचं, आणि मंगलाष्टकं संपेपर्यंत पाटावर एका जागी उभं राहायचं होतं. नवऱ्याच्या मागं त्याचा मामा उभा राहतो, तर मला मामाच नव्हता. अंतरपाट धरला, भटजींनी सूर लावला, आणि पायाखालचा पाट डुलायला लागला. मी पायांकडं बघत दात आवळले. आता सगळ्या वऱ्हाडादेखत आपटणार!

तेवढ्यात पाठीवर एक रुंद पंजा टेकला. मुलीचे मामा आपली जागा सोडून, अंतरपाटाला वळसा घालून, माझ्या मागं येऊन उभे राहिले होते.

मांडवात खसखस पिकली. कोणीतरी ओरडलं, "मामा, चुकला! पोरगी तिकडं हाय!"

"ती हाय खंबीर उभी," मामा म्हणाले. मग माझ्या कानाशी लागून, "आज किती झाकणं घेतली रं? खाली नगं बघू. पडलास तर माझ्यावरच पडशील."

अंतरपाट दूर झाला तेव्हा, ट्रॉलीवरून पडल्यापासून पहिल्यांदाच, मी माझे पाय सोडून दुसरीकडं बघत होतो. समोर ती हार धरून हसत होती.