वाचतो की वाचते

मार्कहॅमच्या लायब्ररीत आमच्या मराठी मंडळाचे वाचनाचे कार्यक्रम मीच आखते. विषय, खुर्च्या, समोसे, सगळं माझ्याकडे. या वेळचा विषय होता जुन्या इंग्रजी विज्ञानकथा मासिकांतली वाचकांची पत्रं. अंक शेजारच्या आजींनी त्यांच्या बेसमेंटमधून काढून दिले. आजी इथल्याच, मराठी न येणाऱ्या, नव्वदीला टेकलेल्या. गोष्टींपेक्षा पत्रांतली भांडणंच जास्त रंगलेली: यानाचं इंधन पुरेल का, मंगळावर हा माणूस श्वास कसा घेतो. एका पत्रावर आजींनी बोट ठेवलं. “हे नक्की घे.” खाली नुसती आद्याक्षरं होती. मी का म्हणून विचारलं नाही. ऑफिसातून येताना ट्रेनमध्ये भाषांतर उरकलं.

कार्यक्रमाला आजी हौसेने आल्या. माझी मैत्रीण शेजारी बसून त्यांना इंग्रजीत सांगत होती. मी वाचलं, “मी तुमचा प्रत्येक अंक वाचतो. तुमच्या यानात बाई फक्त किंचाळण्यापुरतीच का घेता?”

“वा!” पुढच्या रांगेतले काका म्हणाले. “त्या काळातला पुरुष, आणि केवढं मोठं मन!” टाळ्या पडल्या.

मैत्रिणीने तेही सांगितलं. आजी हसल्या, मग हसायच्या थांबल्या.

चहाच्या वेळी त्या माझ्याजवळ आल्या. “ते पत्र माझं आहे. पंधरा वर्षांची होते. तेव्हाही सगळ्यांना लिहिणारा पुरुषच वाटला. मीही वाटू दिलं, नाहीतर कोणी माझ्याशी भांडलंच नसतं. आज म्हटलं, एकदा माझं म्हणून ऐकावं.”

मी घाईघाईने समजावलं, की इंग्रजीत कळत नाही, पण मराठीत ‘वाचतो’ की ‘वाचते’ हे ठरवावंच लागतं.

“म्हणजे तुझ्या भाषेने तुला विचारलं होतं,” त्या म्हणाल्या. “तू मला विचारलं नाहीस.”

बाई असून माझ्या हातून सरळ ‘वाचतो’ लिहिलं गेलं होतं. मनात ‘वाचते’ आलंही नव्हतं.

मी पुन्हा माईक घेतला. पत्र कोणाचं ते सांगितलं आणि ‘वाचते’ करून पहिल्यापासून वाचलं. लोक प्लेटा घेऊन उभे होते. काही जणांनी आजींकडे बघून मान डोलावली.

“अच्छा, बाईचं होय!” काका समोसा मोडत म्हणाले. “मग त्यात विशेष काय? बायका असं म्हणणारच की.”

दोघं-तिघं हसले. मैत्रीण चहा ओतायला गेली होती, म्हणून आजींनी मलाच विचारलं, “काय म्हणाले ते?”

“आवडलं म्हणाले,” मी म्हटलं.