रेडिएटरमधली हळद

इंजिनाच्या तापमानाचा काटा लाल पट्टीत आणि हीटरमधून मात्र थंड हवा. किन्हवलीच्या बाळारामभाऊंची व्हॅन शहापूरच्या माझ्या गॅरेजमध्ये आली ती अशी.

आमच्या भागात हीटर सहसा कोणी लावत नाही. मेकॅनिक मात्र लावून बघतो. इंजिनाची उष्णता वाहून नेणारं पाणी रेडिएटरमध्ये थंड होतं. त्यातलंच थोडं डॅशबोर्डमागच्या छोट्या जाळीतून फिरतं. तोच हीटर. पाणी भरलेलं आहे, इंजिन तापलंय आणि हीटर गार, म्हणजे पाणी फिरत नाही.

"वॉटर पंप गेला," मी सांगितलं.

"संध्याकाळच्या आत दे रे. पोरीचा नववा सरत आलाय. अडीअडचणीला दारात गाडी पायजे."

पंप बदलला. काटा पुन्हा लाल पट्टीत. मग हीटरचा पाइप काढला. आतून पिवळा गाळ आला. वास ओळखीचा होता.

"भाऊ, हा रेडिएटर आहे की वरणाचं पातेलं?" मी मुद्दाम मोठ्याने विचारलं. चहा पीत बसलेले दोन रिक्षावाले हसले. "हळद कोणी घातली?"

बाळारामभाऊंनी मान खाली घातली. "तूच बोललास ना."

"मी?"

"मागल्या म्हैन्यात मुरबाडवरून येताना पाणी गळाय लागलं, तवा फोन केलेला. बोललास, हळद टाका नि या. आमी अख्खी पुडी टाकली. घरची हाय, भेसळ नाय."

रिक्षावाले आता माझ्याकडे बघून हसत होते.

हा ट्रकवाल्यांचा उपाय. हळद बारीक छिद्रात अडकते आणि गळती तात्पुरती थांबते. चमचा-दोन चमचे पुरतात. नंतर सगळी सिस्टीम धुवावी लागते. प्रमाण मी सांगितलं नव्हतं. ते आल्यावर गळका रेडिएटर मीच बदलला, पण घाईत सिस्टीम धुतली नाही. तो फोनही विसरून गेलो.

तेवढ्यात बाळारामभाऊंचा मोबाइल वाजला. मुलीला कळा सुरू झाल्या होत्या. व्हॅनचे पाइप जमिनीवर पडले होते. मघाशी सगळ्यात मोठ्याने हसलेल्या रिक्षावाल्याने कप खाली ठेवला. "चला भाऊ, बसा." रिक्षा किन्हवलीकडे निघाली आणि मी पाइप उचलले.

पाणी स्वच्छ येईपर्यंत सिस्टीम धुतली. काटा मध्यावर थांबला, हीटर गरम झाला. संध्याकाळी व्हॅन मीच हॉस्पिटलच्या दारात नेली. मुलगी वाटेत, रिक्षातच बाळंत झाली होती. आई आणि बाळ सुखरूप होते.

बाळारामभाऊ रागावले नाहीत. चावी घेतली आणि म्हणाले, "आता काय टाकायचं नि किती, नीट सांग."

"फक्त कूलंट, रेडिएटरसाठी तयार मिळतं ते. बॉनेटखालच्या बाटलीवरच्या दोन रेघांच्या मध्ये."

त्यांनी ते माझ्यासमोर दोनदा म्हणून दाखवलं. मी मान वर केली नाही.

फोनवर उपाय सांगितला तर प्रमाणही सांगावं. आणि गाळ दिसला की आधी आपण काय सांगितलं होतं ते आठवावं, मग हसावं.