दामूच्या वाफ्यातली माती

"खालची माती बदल गं शालू. ओल धरली असेल..." दवाखान्यात ऑक्सिजनचा मास्क बाजूला सारून वन्सं एवढंच बोलल्या. मीही सवयीप्रमाणे आवाज चढवला, "आधी घरी या. तुम्ही आल्याशिवाय मी हात लावायची नाही." दुसऱ्या दिवशी फोन आला. वन्सं गेल्या.

वन्सं म्हणजे माझी थोरली नणंद. लग्न केलं नाही. सिन्नरच्या कारखान्यात स्टोअर सांभाळलं, जन्मभर एसटीने ये-जा केली आणि आमच्याच घरात, मागच्या खोलीत राहिल्या. दामू हे त्यांचं कासव. परदेशी जातीचं, रीतसर नोंद केलेलं, आता चांगलं पाटाएवढं. त्यांची मैत्रीण गाव सोडताना देऊन गेली होती. त्यांच्या खोलीबाहेरच्या गॅलरीत फळ्या ठोकून त्याचा वाफा केलेला.

तो आला तेव्हा मी चाळिशीची होते आणि मला जगातलं सगळं कळत होतं. महादेवाच्या देवळात जमिनीवर दगडी कासव असतं, त्याला आपण वाकून हात लावतो. इथे तर कासव स्वतःच घरी आलेलं! मग काय, दर सोमवारी दामूच्या पाठीवर पाणी, खोबरेल, हळदकुंकू, वर बेलाचं पान. बसायला गार हवं म्हणून भिजवलेलं गोणपाट. तो बेल पाडून खायचा आणि ही बया शेजारणींना सांगायची, प्रसाद घेतो हो! पावसाळ्यात पाठीच्या खाचांत पांढुरके चट्टे आले, वास सुटला. वन्संनी नख लावलं तर पापुद्राच निघाला.

"बुरशी आहे ही. अगं, हा देवळातला नाही. याची पाठ म्हणजे हाड आहे, हात लावलेला त्याला कळतो."

"म्हणजे दर सोमवारी गुदगुल्या होत होत्या की काय?"

"तुला तेल चोपडून ओल्या पोत्यावर बसवते, मग तूच सांग."

डॉक्टरांचं औषध, मऊ ब्रशने पाठ घासणं, नीट कोरडी करणं, सकाळचं ऊन... बरं व्हायला फार दिवस लागले. वाफ्यात वाळू नको, पोटात जाते; कागद नको, पाय घसरतात. बागेतली माती आणि सायखेड्याच्या रोपवाटिकेतलं कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, कालवायचं आणि मूठ दाबून बघायची. गोळा व्हायला हवा, पण पाणी सुटता कामा नये, बोट लावलं की फुटला पाहिजे. मी लांबूनच "झालं" म्हटलं की वन्सं म्हणायच्या, "डोळ्यांनी नको सांगूस. हाताने सांग."

आता चहाच्या वेळेला दामू त्यांच्या बंद दारापाशी जातो आणि पाठ घासतो. खर्र... खर्र... दार उघडलं की तो आत जाऊन पलंगाखालच्या चपलांपाशी थांबतो. एकदोनदा तो वाफ्यात गाढ झोपलेला असतानाही मला तो आवाज आला. घरात कोणाला सांगितलं नाही. म्हणतील, म्हातारी गेली कामातून.

माती मी बदलली नव्हती. एका कोपऱ्यात वन्संनी थापलेल्या हाताचे ठसे होते, दामूने तेवढाच कोपरा तुडवला नव्हता. शिवाय मी शब्द दिला होता ना, तुम्ही आल्याशिवाय नाही म्हणून! मग परवा दामूच्या पाठीच्या कडेला तांदळाएवढा पांढरा ठिपका दिसला आणि मी डॉक्टरांना फोन लावला. डॉक्टर म्हणाले, लवकर दिसलं ते बरं. औषध लावा, पण आधी खालची ओल काढा.

आज सकाळी खुरपं घेऊन बसले. तो कोपरा सगळ्यात शेवटी काढला. ती माती वन्संच्या मोगऱ्याच्या कुंडीत घातली आणि नवी कालवली. पहिल्या मुठीला पाणी सुटलं. आणखी सुकं घातलं, पुन्हा दाबलं. "जमलं का हो?" मी मोठ्याने विचारलं.

दामू माझ्या पायाशी उन्हात मान टाकून पडला होता. मागे वन्संच्या दाराशी आवाज झाला. खर्र...

मी वळून बघितलं नाही. मूठ उघडली आणि मातीच्या गोळ्यासकट हात तसाच मागे, दाराकडे धरला.