पहिल्या धारेची

सिस्माच्या तळ्याकाठी लग्न ठरलं की लोक आधी पाद्र्याला भेटत आणि तिथून थेट साइमाकडे जात. घरची बिअर, साहती, गावातल्या बऱ्याच बायका करत. पण चार गावांत नाव होतं ते साइमाचं. आईची लाकडी डोणी तिच्याकडे आली होती. डोणीच्या तळाशी ज्युनिपरच्या काटेरी झुडपाच्या फांद्या अंथरायच्या, वर मोड आलेल्या सातूचा गरम रबडा ओतायचा आणि खालून झिरपणाऱ्या रसाकडे डोळा लावून बसायचं. इतकंच काम, पण त्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं.

एकावन्न सालच्या जूनमध्ये एका लग्नाआधी पलीकडच्या काठचा एक सोयरा तिला म्हणाला, "साइमाबाई, तुमची साहती चांगली हो, बाळंतिणीला सोसेल अशी." टोमणा साइमाला झोंबला. त्या खेपेला तिने सातू दुप्पट घेतला, पाणी हात राखून घातलं आणि पिंपात फक्त पहिल्या धारेचा रस घेतला. एरवी त्यात मिसळायची ती दुसरी, पातळ धार तिने गडीमाणसांना देऊन टाकली. साहती जिभेला मधासारखी गोड झाली आणि पायांत शिशासारखी उतरली. सोयरा बाकावरच आडवा झाला. लोक हसले, साइमाही हसली.

पहाटे तळ्यातल्या लव्हाळ्यात अडकलेली रिकामी नाव सापडली. दुपारी ओनी सापडला. शेजारच्या लेम्पीचा मुलगा, तेवीस वर्षांचा.

कुणी साइमाला तोंडावर बोललं नाही. पण ओनीच्या मातीला लेम्पीने रीतीप्रमाणे साहती न देता नुसती कॉफी दिली, आणि मग सगळ्या गावाची नजर एकाच बाजूला वळली. साइमाने डोणी गोठ्यामागे उपडी घातली. अकरा वर्षं ती तशीच पडून होती. लग्नांना दुकानातल्या बाटल्या यायला लागल्या. चर्चमध्ये दोघी पुढच्या-मागच्या बाकावर बसत, पण एकमेकींशी बोलत नसत.

बासष्टच्या ऑगस्टमध्ये लेम्पीची मुलगी केर्तू दारात येऊन उभी राहिली. "मावशी, आईने बोलावलंय. आता ती फार दिवस काढायची नाही."

लेम्पी उशीला टेकून बसली होती, वाळून काटकी झालेली. तिने केर्तूला दूध काढायला पाठवलं.

"माझ्या मातीला बाटल्या नकोत," ती म्हणाली. "तुझ्या हातची हवी. पहिल्या धारेची."

"लेम्पी, दुसरं काहीही सांग."

"दुसरं काय सांगू? मला काय आता शेत घ्यायचंय?"

"आणि ती आधी करून ठेवता येत नाही. आठ-पंधरा दिवसांत आंबते."

"मग मी गेल्यावर कर. मला घाई नाही."

 लेम्पीने दम घेतला.

"त्या रात्री ओनीने दोन घोटही घेतले नव्हते, साइमा. आमचं भांडण झालं होतं. त्याला शहरात जायचं होतं. मी म्हटलं, जायचं तर आत्ताच जा, परत तोंड दाखवू नकोस. म्हणून त्याने नाव सोडली. वारा उठला होता."

"अकरा वर्षं तू..."

"लोक तुझ्याकडे बघत होते. मी बघू दिलं."

साइमा उठली. दारापर्यंत जाऊन ती थांबली, पण वळली नाही. घरी आल्यावर तिने चूलही पेटवली नाही. आपण रडतोय ते संतापाने की सुटल्यासारखं वाटून, हे तिचं तिलाही कळेना. पुढचे तीन आठवडे ती लेम्पीकडे फिरकली नाही. लेम्पी गेल्याचं तिला चर्चच्या घंटेवरून समजलं.

माती, तिथल्या रिवाजाप्रमाणे, दहा दिवसांवर होती. साइमाने डोणी सुलटी केली, उकळत्या पाण्याने तीनदा धुतली आणि केर्तूला मदतीला बोलावलं. रसाची पहिली धार पडली तेव्हा केर्तूने विचारलं, "आणि दुसरी?"

"दुसरी नाही घालायची. तुझ्या आईची तशीच इच्छा होती."

मातीच्या दिवशी सकाळी साइमा काठावर गेली, एकेका नावेतली वल्ही काढली, सगळी सॉनाच्या खोलीत टाकली आणि कुलूप घातलं. पुरुषमंडळी बघत राहिली.  मग ती पिंपाजवळ उभी राहिली आणि लाकडी मग भरून स्वतःच्या हाताने एकेकाला देत गेली. तिसऱ्यांदा आलेल्याला तिने कॉफी दिली.

आवराआवर झाल्यावर केर्तूने विचारलं, "मावशी, त्या दिवशी आई तुला काय म्हणाली होती?"

साइमा डोणी पुसत होती. "सातूचं माप सांगत होती," ती म्हणाली.

त्यानंतर साइमा सतरा वर्षं जगली. कुणाचीही माती असो, साहती तिच्याच हातची असे. लग्नासाठी मात्र तिने पुन्हा कधी केली नाही. ओनीबद्दल गावाचा जो समज होता, तोही तिने तसाच राहू दिला.